वरवट बकालची झडप

साहेब, तुम्ही एका बाईला मारलं.

हातानं नाही मारलं. हातानं मारायला धमक लागते. तुम्ही एक तार उपटली, हात रुमालाला पुसले आणि चहा मागवला.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. भीतीनं नव्हे. कागद खराब होईल म्हणून.

आणि वाचणाऱ्यांनो, पुढचं सगळं घडलेलं आहे. भुतं फक्त रात्री येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्याकडची मे महिन्याची दुपार पाहिलेली नाही. रस्त्यावर कुत्रंही नसतं. ही तशाच एका दुपारची गोष्ट. साल एकोणीसशे सहासष्ट. जागा घाटाखालच्या एका गावचं टेलिफोन एक्स्चेंज. गाव कोणतं ते सांगत नाही. ज्याला कळायचं त्याला कळेल.

शकुंतला तिथे ऑपरेटर होती. तिच्यासमोर लाकडी बोर्ड, बोर्डावर छोट्या पितळी झडपा. एका लाइनीला एक झडप. तिकडे खेड्यात कुणी फोनचं हँडल फिरवलं की इकडे त्या गावाची झडप खट् करून पडायची. मग शकुंतला प्लग लावायची. "एक्स्चेंजवरून शकुंतला बोलते."

वरवट बकालची झडप मात्र वात्रट होती.

वारा सुटला की उगाच पडायची. प्लग लावावा तर पलीकडे कुणी नाही. आणि खरंच फोन करायचा असला की निवृत्ती हँडल फिरवून घामाघूम व्हायचा, झडप जेमतेम थरथरायची. निवृत्ती म्हणजे वरवटचा पोस्टमास्तर. गावातला एकमेव फोन त्याच्याच ओसरीवर.

अशा लाइनी सुधारायला वरून साहेब आले. कडक इस्त्री, केसांना तेल, काखेत मीटरची पेटी. मीटर लाइनीला लावायचं. काटा हलला तर पलीकडे फोन आहे. नाही हलला तर नाही. संपलं शास्त्र.

"साहेब, वरवटचा फोन जुना आहे," शकुंतला म्हणाली. "काटा एकदा नाही हलला तर पुन्हा तपासा. नाहीतर लाइनमन पाठवा."

"बाई, सायकलवर माणूसच पाठवायचा तर मीटर कशाला आणलंय? लोणचं घालायला?"

"माझं घर आहे तिथे. बहीण माहेरी आलीय बाळंतपणाला. पहिलटकरीण आहे, त्यात बाळ पायाळू. इथल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, कळा सुरू झाल्या की लगेच फोन करा, जीप पाठवते. तो फोन मला आलाच पाहिजे."

"येईल की." साहेब हसले. "आता खोटी घंटा येणारच नाही. येईल ती खरी."

दुसऱ्या दिवशी तिची ड्यूटी दुपारची होती.

आली तेव्हा बोर्ड शांत होता. सगळं गाव जेवून आडवं झालेलं. साहेबही वाळ्याच्या पडद्याआड पाय पसरून डुलकी काढत होते. खिडकीबाहेर एक कावळा सारखा ओरडत होता.

तो मधेच थांबला.

आणि...

खट्.

वरवटची झडप पडली.

थरथरली नाही. सपशेल पडली.

शकुंतलेनं झटकन प्लग लावला. "एक्स्चेंजवरून शकुंतला बोलते."

काही नाही.

त्या तारेवर नेहमी वाऱ्याची शिट्टी यायची. तीही नाही. कोरड्या विहिरीत कान लावावा तसं...

"निवृत्तीकाका? बाबा?"

"शके..."

तिला शके म्हणणारी एकच होती. तिची बहीण. रुख्मिणी.

"रुख्मे! तू फोनवर कशी व? कळा सुरू झाल्या काय? थांब, मी जीप..."

"जीप राहू दे. त्याले नेऊन राह्यले."

"कोणाले?"

"बाबाच्या हातावर हाय. धोतरात गुंडाळला. मसनाकडे निंगाले. शके, तो मेला नाही व. मले दिसून राह्यलं ना. त्याची मूठ हालते. त्याले मातीत देऊ नका म्हन."

तान्ह्या पोराला जाळत नाहीत. पुरतात.

आणि मग तिच्या ध्यानात आलं...

रुख्मिणी एवढं बोलली, पण मधे एकदाही श्वास घेतला नाही.

"रुख्मे, तू कुठं हायेस?"

शकुंतला खुर्ची सारून उठली.

"साहेब! उठा! वरवटला घंटा देते मी. जिवंत पोर पुरताहेत!"

साहेब उठले. पडलेली झडप त्यांनी पाहिली. चेहऱ्यावरचा रंग उतरला, पण आवाज तोच, ऑफिसचा.

"वरवट? मागं या."

बोर्डाच्या मागं वरवटच्या दोन तारा लोंबत होत्या. टोकं उघडी. कशालाच न लागलेली.

"काल संध्याकाळीच काढली. काटा हलला नाही. पलीकडे फोनच नाही."

"मला का नाही सांगितलं? वरवटला कळवलं?"

"काय कळवायचं? नसलेल्या फोनला?"

"फोन आहे तिथे! आत्ता बोलले मी! जोडा ती तार!"

"बाई, उन्हानं डोकं फिरलंय तुमचं. घरी जा."

ती तारेकडे झेपावली. साहेबांनी तिचा हात मुरगाळून तिला बाहेर ढकललं, बोर्डाच्या मागच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. एवढी चपळाई त्या माणसानं आयुष्यात प्रथमच दाखवली असेल.

शकुंतला भर उन्हात डॉक्टरीणबाईंकडे पळाली. जीप निघाली. रस्ताभर तिच्या डोळ्यांपुढे एकच चित्र. ओल्या मातीखाली हलणारी मूठ.

वरवटला पोचली तेव्हा उन्हं कलली होती. दारात गर्दी. आत रुख्मिणी निजवलेली. हिरवं लुगडं, कपाळावर कुंकवाचा मळवट.

आणि कोपऱ्यात आई, तानुबाई.

तिच्या मांडीवर काहीतरी हलत होतं...

पोर रडत होतं. जोरात.

डॉक्टरीणबाईंनी त्याला उचललं. शकुंतला भिंतीला टेकली. तिचे वडील, वामनराव, तिच्यासमोर हात पुढे करून उभे राहिले. दोन्ही तळव्यांना फोड.

"पहाटपासून हँडल फिरोलं, पोरी. कोनी उचलेना. मले वाटे, आता उचलतीन, मंग उचलतीन. लाइनच नाही हे समजलं असतं त गाडी जुंपून संग्रामपूरच्या दवाखान्यात नेलं असतं तिले. तो फोन मुकाच. हाव म्हने ना नाही म्हने."

"ती कधी गेली?"

"दुपार व्हायच्या आंधी. पोरगं झालं अन् ती गेली. पोरगंबी निळंच, रडलं नाही. सुईण म्हने, हेबी गेलं. मंग त्याले मातीत द्यायले निंगालो. खड्डा खंदून झाला होता... अन् हा निवृत्ती बोंबलत आला."

निवृत्ती दाराशी उभा होता. "मंग काय करतो? शकुंतलाबाईचा फोनच तसा आला."

शकुंतलेनं मान वर केली.

"माझा?"

"हो ना. घंटी अशी खणखणली का ओसरी दणाणली. उचलला त तुम्ही. 'एक्स्चेंजवरून शकुंतला बोलते. पोर जिवंत आहे. मूठ हालते त्याची. धावा काका.' तुमचाच आवाज, बाई. मी काय तुमचा आवाज वयखत नाही?"

"काका... मी फोन केला नाही."

पोर तेवढं रडत होतं.

"मंग," निवृत्ती हळूच म्हणाला, "माह्या कानात बोललं कोन?"

पोर शकुंतलेनंच वाढवलं. पण एक्स्चेंजची नोकरी तिनं सोडली. प्लग लावून ते रोजचं वाक्य म्हणायला गेली की जीभ जड व्हायची. तिला वाटायचं, आपण ते इथे म्हणतोय, आणि याच घटकेला दुसरीकडे कुठल्यातरी कानात, आपल्याच आवाजात, कुणीतरी...

आजही तिच्या घरी फोन वाजला की दुसरं कुणीतरी उचलतं.

आणि साहेब, तुम्ही? तुम्ही वर कळवलंत, वरवटची लाइन मेलेली, त्या दिवशी एकही घंटा नाही, सुधारणा यशस्वी. तुम्हाला बढती मिळाली. सत्कारात नारळ मिळाला. तो तुम्ही घेतलातही.

भूत असतं का, ते तुम्हाला विचारत नाही. तेवढी तुमची पोच नाही. साधं विचारतो.

वामनराव जिवंत होता. हाताला फोड येईपर्यंत हँडल फिरवत होता. त्याची घंटा तुमच्या बोर्डाला कळली नाही. त्याच बोर्डाला, तार लागलेली नसताना, मेलेल्या बाईची घंटा कळली.

काऊन?

उत्तर द्या.