हळदीच्या सकाळी घेतलेलं नाव

मी जन्माची भित्री. पालीला भिते, विजेला भिते, आणि अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या, चपला दारात वाजल्या की काही केलेलं नसतानाही भिते. त्यामुळे बोरीतल्या झेरॉक्सच्या दुकानात एक मुलगा माझी वही वाचताना दिसला, तेव्हा ओरडायचं सोडून मी नुसती उभी राहिले.

लाइट गेली होती. त्याच्या आजोबांच्या गाण्यांचं पान मशीनमध्ये अडकलं होतं, आणि वेळ जावा म्हणून त्यानं काउंटरवरची माझी उखाण्यांची वही उचलली होती.

"हे कुणी रचले?" त्यानं विचारलं.

"कुणी न्हाई. बायांचे असतात ते."

"बाया म्हणजे तुमीच ना?" तो हसला. हसताना त्याचा एक डोळा जरा बारीक व्हायचा. "आमच्या आजोबांच्या दर गाण्यात शेवटी त्यांचं नाव हाय. तुमच्या वहीत इतक्या नवऱ्यांची नावं... तुमचं कुठंच न्हाई."

"मग? काय करू?"

"मला सांगा. मी ध्यानात ठेवतो."

"अर्पिता," मी म्हणाले — आणि लगेच भ्याले.

त्याचं नाव सिद्धोधन. चारठाण्याच्या शाळेत मास्तर, घर आमच्याच गावात, विहाराच्या शेजारी, जिकडं मी कधी गेलेच नव्हते. आजोबा आंबेडकरी जलशात गाणी म्हणायचे. ती गाणी उंदरांच्या पोटात जायच्या आत तो कागदावर उतरवून घेत होता.

आणि मी? मी गावातल्या नव्या नवरींना उखाणे पुरवायचे. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव सरळ घेत नाही, यमकात गुंफून घेते. माझ्या आजीनं उभ्या जन्मात आजोबांना नावानं हाक मारली नाही. पण हळदीकुंकवाला आग्रह झाला की पदर तोंडाशी धरून असं नाव घ्यायची, की ऐकणाऱ्या बायाच लाजायच्या. मला वाटतं, आमच्या बायकांची बरीचशी कविता अशीच आली — जात्यावर, पाळण्याशी, हळदीच्या पाटावर. उघड बोलायची चोरी, म्हणून गाण्यात बोलायचं. इतिहासाच्या पुस्तकात यातलं काही सापडत नाही, याचा मला फार राग येतो.

हे सगळं मी त्याला सांगायचे. कधी एसटीत, कधी वाचनालयाच्या पायरीवर, दोघांत चार हात अंतर ठेवून. एकदा कॉलेजची सहल चारठाण्याला गेली, तर हा तिथं देवळात शाळेची पोरं घेऊन आलेला. खांबावरच्या मृदंगवालीसमोर मला थांबवून म्हणाला, "हिची बोटं बघा. किती शतकं झाली, थाप अजून पडायचीच हाय."

"पडली तर मी पळून जाईन," मी म्हणाले.

"लय भिता तुमी."

"तुमी न्हाई भीत?"

त्यानं पोरांकडं एकदा बघितलं. मग हळूच म्हणाला, "तुमच्या घरासमोरून जाताना गाडी हळू करतो मी. पण... मान वर करत न्हाई."

का, ते दोघांनाही ठाऊक होतं. आम्ही मराठे, जमीनजुमलावाले, ते बौद्ध. गावात एका हॉटेलात चहा चालतो, एका बाकावर गप्पा चालतात. सोयरिकीचं नाव काढलं की मात्र माणसं बदलतात. असल्याच गोष्टीवरून कुठल्याशा गावात एका पोराचे पाय मोडल्याचं आम्ही दोघांनी ऐकलं होतं. म्हणून आमच्यात कधी कुणी काही बोललंच नाही.

शिवकन्या माझी चुलतबहीण, आमच्याच घरातली. तिचं लग्न बालाजी नावाच्या मुलाशी ठरलं, आणि हळदीला म्हणायला तिला नवा उखाणा हवा होता. आता माझी एक खोड सांगते. रचताना मी दर वेळी सिद्धोधनचं नाव घालून म्हणून बघायचे. त्याशिवाय मला चालच सापडायची नाही! मग ते काढून खरं नाव घालायचं आणि पुन्हा रेकॉर्ड करायचं. त्या सकाळी घाईत पहिलंच रेकॉर्डिंग गेलं —

"हळदीच्या वाफ्यात पाणी सोडलं सावकाश,
सिद्धोधनरावांचं नाव घेताच मोकळं झालं आकाश."

शिवकन्येनं ते न ऐकताच घरच्या ग्रुपवर टाकलं. त्रेचाळीस माणसं, अण्णांसकट. आणि जिंतूरच्या पार्लरात मेंदीला हात पुढे करून बसली.

ग्रुप उघडून मी माझाच आवाज ऐकला, सिद्धोधनच्या नावासकट. ग्रुपवरचं फक्त तिलाच पुसता येणार होतं. फोनवर फोन केले. तिसऱ्यांदा मेंदीवालीनं उचलला. "दोनी हात भरलेत त्यांचे, ताई. अर्ध्या तासानं करा." 'अहो, पुसा तेवढं' म्हणायला मी तोंड उघडलं, तर तिच्यामागून माझाच उखाणा वाजला आणि बायांचा हसण्याचा आवाज आला.

मी मोरीत जाऊन कडी लावून बसले. तेवढ्यात फोन थरथरला. सिद्धोधन.

"तुमच्याकडून... आला तो उखाणा?" कुणीतरी पुढं पाठवून तो त्याच्यापर्यंतही पोचला होता!

"व्हय," मी रडायलाच लागले.

"रडू नका. ऐका. माझं नाव सांगा. म्हणावं, मीच चेष्टेनं घालायला लावलं. चूक माझी."

"अन् मग? तुमाला काय करतील, ठाऊक हाय ना?"

"तुमाला काय व्हायला नको."

फोन बंद झाला. आतापर्यंत मी माझ्यासाठी भीत होते. आता त्याच्यासाठी भ्याले, आणि ही भीती फार मोठी होती.

अंगणात मांडवाखाली सगळे जमले होते. कमलआत्या हातात हळदीची वाटी तशीच धरून उभी. अण्णा खुर्चीत. शिवकन्येचा भाऊ योगीराज गाडीची चावी फिरवत म्हणाला, "अण्णा, त्या मास्तरला जाऊन विचारून येतो. चौघं जातो. पोरीचं नाव खराब करायलाय."

"थांब रे," आत्या म्हणाली, "पोरीला तर विचारा."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. आवाज नेहमीपेक्षा खाली होता. "अर्पू... चुकून आलं ना ग ते नाव?"

त्यांनी मला वाट काढून दिली होती. नुसतं 'व्हय' म्हणायचं होतं. पण चुकून कसं आलं, हे विचारायला योगीराज गेलाच असता, आणि सिद्धोधननं सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं असतं. मी मांडवाचा खांब धरला.

"न्हाई अण्णा," मी म्हणाले. "गेलं चुकून. घातलं मी जाणूनबुजून. मीच रचला, मीच म्हणला. त्यांना तर ठाऊकबी नव्हतं. मला... मला त्येच नाव घ्यायचंय."

आत्यानं वाटी खाली ठेवली. योगीराज फाटकाकडं वळला आणि तिथंच थांबला. फाटकाबाहेर सिद्धोधन उभा होता. एकटाच. शर्टाचं बटण खालीवर लागलेलं, कपाळावर घाम.

"काका," त्याचा आवाज चिरकला, "चूक माझी हाय. त्यांना काही बोलू नका."

अण्णा उठले, फाटकापाशी गेले. मी डोळे मिटून घेतले.

"तिनं सांगितलंय सगळं," अण्णा म्हणाले. "येताना भ्यालास का?"

"व्हय काका. लय भ्यालो."

"तरी आलास."

अण्णांनी मागं वळून बघितलं. चेहरा तसाच कठीण होता. मग त्यांनी योगीराजच्या हातातली चावी काढून स्वतःच्या खिशात टाकली.

"आज हळद, उद्या लग्न. मला फुरसत न्हाई," ते सिद्धोधनला म्हणाले. "परवा ये. एकटा येऊ नको, वडलांना घेऊन ये. अन् घरून खाऊन येऊ नका. जेवायला इथंच बसू."