मऊ फोम की कडक?

"अहो फोमवाले! मऊ घेऊ की कडक?"

खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून तिने हाक मारली. शेजारच्या अंगणात पांढरा सूट घातलेला एक माणूस भिंतीत फोम फवारायची नळी गुंडाळत होता. त्याने मास्क कपाळावर सरकवला आणि वर पाहिलं. तिच्या केसांत लाकडाचा भुसा, हातात दोन माहितीपत्रकं... तिला मात्र त्याचं काही नव्हतं. उत्तर हवं होतं, बस्स.

"राहणार कोण घरात?"

"मी आणि बाबा."

"घोरतात?"

"भिंत हलते!"

तो खळखळून हसला. अगं बाई, हा तर हसतो छान, असं तिच्या मनात येऊन गेलं.

पाच मिनिटांत तो तिच्या माळ्यावर होता. छताखाली कडक फोम, कारण तो गारठा आणि ओल दोन्ही अडवतो. दोन खोल्यांमधल्या भिंतीत मऊ, कारण तो आवाज गिळतो. फवारला की फुगतो आणि फटी बुजवतो. इतकं सोपं करून तिला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. मग त्याने खिशातून एक छोटं यंत्र काढलं, त्याच्या दोन सुया तुळईत टोचल्या आणि आकडा बघून मान हलवली.

"चोवीस टक्के. अठराच्या खाली आल्याशिवाय मी फवारणार नाही. लाकूड ओलं आहे."

"अहो, पण एक तारखेला बाबा येणार आहेत! आणि आज एकोणीस!"

तिने सगळं सांगून टाकलं. आई गेल्यापासून बाबा एकटेच होते. थंडीत त्यांची छाती भरायची. दादा त्यांना आपल्याकडे न्यायला निघाला होता, विमानाने जावं लागेल इतक्या लांब. बाबा म्हणाले होते, "एक तारखेला तुझं घर उबदार असेल तर तुझ्याकडे. नसेल तर मुकाट्याने त्याच्याकडे जाईन."

"दुसरे एक जण उद्याच फवारून देतो म्हणतात," ती फणकारली.

"देतील. ओल आत कोंडेल आणि दोन-तीन वर्षांत बाबांच्या डोक्यावरची तुळई कुजेल." तो शांतपणे म्हणाला. "मी पंखे आणून लावतो. रोज सकाळी येऊन बघतो. लाकूड कधी वाळेल ते मात्र सांगता येत नाही."

तिला राग आला. खोटंसुद्धा बोलता येत नाही या माणसाला! तरीही तिने त्याच्यासमोरच फोन लावला आणि त्या दुसऱ्या माणसाला नाही म्हणून सांगितलं. आपलं घर, आपला निर्णय.

मग रोज सकाळी तो यायचा. बावीस. एकवीस. पुन्हा एकवीस.

"तुम्ही नीट टोचत नाही," ती म्हणायची.

"तुम्हीच टोचा." यंत्र देताना त्याची बोटं तिच्या बोटांवर जरा जास्तच रेंगाळायची...

"आज भांग पाडलाय वाटतं? लाकडासाठी?" एकदा तिने विचारलं.

"लाकूड काही बोललं नाही अजून."

ती लाजली नाही, चांगली हसली. तो गेला की मात्र दिवसभर तिचं कशात लक्ष लागायचं नाही.

एकोणतीस तारखेला आकडा सतरावर आला. तीस तारखेला दुपारी चार वाजता शेवटचा कोपरा फवारून झाला. "आता चोवीस तास कुणीही आत जायचं नाही," त्याने बजावलं. "वाफा छातीला वाईट. मी उद्या येतो."

एक तारखेला दुपारी दोनलाच दादाची गाडी दारात उभी राहिली. गाडीत बाबा होते आणि त्यांच्या दोन बॅगा.

"म्हणजे घर तयार नाहीच," दादा म्हणाला. "बाबा, चला. विमान चुकेल."

दार उघडलं असतं तर बाबा आत्ता आत बसले असते. दोन तास आधी गेल्याने काय बिघडणार होतं? तिने फोमवाल्याकडे पाहिलं. बोलल्याप्रमाणे आलेला तो दाराला पाठ लावून उभा होता.

"काय हो," बाबांनी त्याला विचारलं, "तुमचे वडील असते तर सोडलं असतं आत?"

"चार वाजता. एक मिनिट आधी नाही."

दादा काही बोलणार, तोच तीच पुढे झाली. "बाबा, मला तुम्ही इथे हवे आहात. पण आत्ता आत नाही जायचं. थांबाल?"

बाबांनी अंगणातली रंगाची रिकामी बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसले. दादा घड्याळ बघत येरझाऱ्या घालत राहिला.

चार वाजता दार उघडलं. वास राहिला नव्हता. बाहेर बोचरा वारा सुटला होता. आत बाबांनी गळ्यातला मफलर सोडला, दीर्घ श्वास घेतला आणि खोकले नाहीत. खिडकीतून त्यांनी दादाला हाक मारली, "अरे, माझ्या बॅगा उतरव. दोन्ही."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते पुसायच्या भानगडीत न पडता ती फोमवाल्याकडे वळली.

"उद्यापासून तुम्हाला इथे काही काम नाही."

"नाही..."

"तरीही या. मला तुम्ही आवडता. सरळ सांगते, मला फिरवून बोलता येत नाही."

हातमोजे काढून त्याने तिचा हात हातात घेतला.

"मला वाटलं, बाबा राहिले तर तुम्हाला लग्नाचं विचारावं. आणि गेले तर... कोणत्या तोंडाने विचारणार होतो?"

"आता राहिले ना!" ती म्हणाली. "मग विचारा की."

आणि त्याने विचारलं.