शेवटच्या कॉम्प्युटरचं टोपण

कुंदाचा पाय कशावर तरी पडला, ते वळवळलं, आणि तिला वाटलं साप. साप टेबलाखालून बोलला, "पाय काढता का जी? बोटं हायत माझी."

ती लाजून एवढीशी झाली. लॅबमध्ये चपला बाहेर काढून यायचा नियम होता, म्हणून बोटं वाचली. टेबलाखालून एक मुलगा निघाला, हातात टॉर्च, केसांत जळमटं. खुशाल, शेवटच्या वर्षाचा.

"अन् खाली काय करून राह्यले होते?"

"वायर कुठं ढिली झाली ते पाहून राह्यलो होतो. सहाही कॉम्प्युटर एकाच केबलवर हायत. एक सांधा सुटला का सगळेच मुके."

शहाण्णव साल होतं. आदिलाबादच्या त्या कॉलेजात इंग्रजी पुस्तक आणि तेलुगूत शिकवणारे नरसय्या सर यांच्या कचाट्यात भीमपूरहून बसनं येणारी कुंदा पुरती सापडली होती. नेटवर्कची व्याख्या तिला तोंडपाठ होती, कळत मात्र काडीचं नव्हतं. खुशालनं तिला केबलचं टोक दाखवलं. त्यावर बोटाच्या पेराएवढं टोपण होतं. ते नसलं तर निरोप टोकाला आपटून मागं फिरतो आणि सगळा गोंधळ होतो, म्हणाला.

"विहिरीत हाक मारल्यावानी?"

"बराबर..." असं म्हणून त्यानं तिच्याकडे असं पाहिलं की पुढचा प्रश्न ती विसरूनच गेली.

मग रोज तिच्या पडद्याच्या तळाशी एक ओळ उमटू लागली. पलीकडच्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवरून, इंग्रजी अक्षरांत, पण अस्सल आपल्या बोलीत. 'निळी ओढणी काऊन नाही आज?' ती गंभीर चेहऱ्यानं उत्तर टाइप करी, 'धुवायला टाकली. तुमी अभ्यास पाहा.' आणि मान खाली घालून गालातल्या गालात हसे. नेटवर्क हा विषय तिला आता फार आवडायला लागला होता!

दसऱ्याच्या सुट्टीआधी लॅबमध्ये कॉम्प्युटरची पूजा झाली. झेंडूच्या माळा, नारळ, सगळं साग्रसंगीत. कुंदानं शेवटच्या कॉम्प्युटरमागचं टोपण काढून पूजेसाठी नेसलेल्या साडीच्या पदरानं पुसलं, हळदकुंकू लावलं. तेवढ्यात प्रसादाला हाक आली, आणि ते टोपण हातातल्या कुंकवाच्या करंड्यात पडलं ते तिथंच राहिलं. करंडा गेला लॅबच्या कपाटात.

सुट्टीनंतर पहिल्याच सकाळी शेवटच्या वर्षाची परीक्षा होती. बाहेरचे परीक्षक आलेले. कुंदाचा वर्ग व्हरांड्यात ताटकळत होता. आतून नरसय्या सरांचा आवाज आला.

"चाबी तुम्हारे पास थी, खुशाल. हमेशा टेबल के नीचे तुम ही घुसते हो. केबल का ढक्कन किधर है?"

दारातून खुशाल दिसला, केबलचं रिकामं टोक हातात धरलेला.

"दूसरा हैदराबाद से आएगा. तब तक परीक्षा कैंसिल? बाकी लोग बाद में देंगे, तुम अगले साल बैठना."

कुंदाला एकदम आठवलं. करंडा! खुशालचं अख्खं वर्ष तिच्या हळदकुंकवापायी जाणार होतं. आत गेलं तर सगळ्यांसमोर शोभा होणार, परीक्षक हसणार... जाऊ दे, होऊ दे शोभा. ती चपला काढून सरळ आत शिरली.

"सर, ते मी काढलं. पूजेच्या दिवशी."

तिनं कपाट उघडलं, करंड्यात बोट घातलं आणि लालभडक टोपण वर काढलं. परीक्षकांचं हसू थांबेना. खुशालनं फुंकर मारून, रुमालानं घासून ते बसवलं. एकेक पडदा बोलू लागला, तसा नरसय्या सरांनी कपाळाचा घाम पुसला. कुंदाला तर रडूच आलं, सुटल्याच्या आनंदाचं.

दुपारी दोघं व्हरांड्यात भेटले.

"तुमाले ठाऊक होतं?" तिनं विचारलं.

"तुमी पदरानं पुसून राह्यल्या होत्या, ते पाह्यलं होतं मी. टोक रिकामं दिसलं तवाच समजलो. कुठं ठेवलं ते मात्र ठाऊक नव्हतं."

"मग सांगतलं काऊन नाही?"

"तुमाले सर सगळ्यांसमोर बोलले असते... मले नसतं आवडलं. अन् नापास झालो असतो त अजून एक वर्ष इथंच राह्यलो असतो. तुमच्यापाशी."

असा राग आला तिला, आणि असं काही गोड वाटलं त्या रागाच्या आत...

"नापास होऊन काय करता?" ती म्हणाली. "माझे बाबा नापास पोराले ओसरीवरबी बसू देत नाहीत. पास व्हा. अन् मग या."

"कुठं?"

"भीमपूरला. बाबाले भेटाले."

अगदी हळू आवाजात खुशालनं विचारलं, "सकाळची बस धरू का दुपारची?"

"सकाळची," कुंदा म्हणाली. "दुपारची लई उशिरा पोचते."