अकरा जणांचा श्वास

विरूपाक्षअण्णांनी पंप हलवला, ओठांत धरला, बटण दाबलं आणि सुर्रकन श्वास ओढला. पंपाच्या टोकावरचा दिवा लाल झाला.

"श्वास फार वेगाने घेतला गेला," पंपातली बाई म्हणाली. "कृपया पुन्हा प्रयत्न करावा."

"तूच घे की मग," अण्णा तिला म्हणाले आणि खोकायला लागले.

समोर त्यांची लेक लीला बसली होती. इचलकरंजीतल्या एका आरोग्य केंद्रात दम्याच्या लोकांना पंप कसा ओढायचा ते शिकवणं हीच तिची नोकरी. गाव तिला पंपवाली ताई म्हणायचं. आधी छाती रिकामी करा, ओठ घट्ट मिटा, बटण दाबता दाबता पाच आकडे होईस्तोवर सावकाश आत घ्या, दहा आकडे धरून ठेवा, शेवटी चूळ भरा. हे तिनं बायाबापड्यांना, मास्तरांना, एका पैलवानालासुद्धा शिकवलं होतं. घरातलाच एक विद्यार्थी दरवेळी नापास होत होता.

त्यात त्यांची तरी काय चूक? चाळीस वर्षं त्यांनी धोट्याचा माग चालवला, आडवं सूत घेऊन लाकडी धोटा इकडून तिकडं पळतो तो. कांडीवरचं सूत संपलं की धोट्यात नवी कांडी बसवायची आणि सुताचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. हातानं काढत बसायला सवड कुणाला? भोकाला तोंड लावायचं नि एकदाच जोरात ओढायचं. सूत ओठांवर यायचं, कापसाची भुकटी छातीत जायची. पाळीत दोनशे-तीनशे वेळा. पुढं बिनधोट्याचे माग आले, धोटे भंगारात गेले, पण अण्णांच्या तोंडाला ही बातमी कुणी दिली नव्हती. ओठाला भोक लागलं की ते झटका मारणारच. आणि झटक्यानं ओढलेलं औषध घशाच्या भिंतीवर आपटतं, छातीत उतरत नाही.

पूर्वी याला साधा उपाय होता. प्लास्टिकचा एक फुगीर डबा. गावात त्याला भोपळा म्हणत. एका टोकाला पंप, दुसऱ्या टोकाला तोंड. औषध भोपळ्यात तरंगत राही आणि माणूस आपल्या सोयीनं चार श्वास घेई. पण या नव्या पंपात, 'श्वाससाक्षी'त, ज्वारीच्या दाण्याएवढा एक कान बसवला होता. हवेचा आवाज ऐकून तो श्वासाचा वेग नि लांबी टिपायचा आणि वर कळवायचा. मध्ये भोपळा आला की त्याला ऐकू येईना. म्हणून भोपळ्यावर बंदी आली. औषध नवं होतं, थोडंच बनत होतं. चुकीच्या श्वासावर ते वाया जाऊ नये, असं पत्रक होतं. महिन्यात दहा दिवस लाल गेले की पुढची कुपी बंद.

"नऊ झाले, अण्णा," लीला म्हणाली.

"शाळेत तरी मी कुठं पास व्हत हुतो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्यांच्या हातातून पंप घेतला, स्वतःच्या ओठांना लावला आणि पुस्तकात काढावा तसा श्वास घेतला. दिवा हिरवा झाला. पंपातल्या बाईनं अभिनंदन केलं. श्वास कसा घेतला हे त्या कानाला कळत होतं. कुणाचा, हे विचारायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

नियमात एक फट होती. औषध दिवसातून दोनदा, पण एकदा हिरवा दिवा लागला तरी दिवस बरोबर धरत. मग तसंच ठरलं. सकाळचा श्वास लीलाचा, संध्याकाळचा अण्णांचा, माळ्यावरून काढलेल्या भोपळ्यातून. निम्मं औषध तर निम्मं.

शेजारच्या चंपाक्काला हे भिंतीपलीकडून कळलं. तिचा नवराही धोटेवालाच. मग त्याचा भाऊ आला, मग मागच्या गल्लीतले दोघे. महिनाभरात लीलाच्या ओसरीवर रोज सकाळी अकरा पंप ओळीनं येऊन पडायला लागले. ती एकेक उचलायची, चूळ भरायची, पुढचा उचलायची. नंतर तासभर तिचे हात थरथरत, काळीज धडधडे. चहाची बशी ओठांशी नेईपर्यंत निम्मी सांडे. औषध आपलं काम चोख करत होतं. सबंध गावात तिच्याएवढी मोकळी छाती कुणाचीच नव्हती, आणि ती तर आधीपासूनच मोकळी होती.

अण्णांना मात्र नळापर्यंत जाताना आधी एकदा बसावं लागे, पावसाळा सरेपर्यंत दोनदा बसावं लागायला लागलं. निम्म्या औषधानं छाती उघडत नव्हती. लीलाला ते दिसत होतं. लाल दिव्यापेक्षा हे बरं, असं ती स्वतःला सांगत राहिली.

सहा महिन्यांनी केंद्रातल्या तरुण डॉक्टर पेंडुरकरांनी तिला बोलावून खुर्ची दिली. एरवी ते उभ्यानंच बोलत. राज्यात सगळ्यात अचूक श्वास तिच्या अकरा धोटेवाल्या रुग्णांचे आले होते, म्हणाले. प्रत्येकाचे एकशे ऐंशीपैकी एकशे सत्तरच्या वर दिवस हिरवे. आणि तपासणीत मात्र अकराही जणांच्या फुंकरीचा जोर कमी झाला होता.

"म्हणूनच निष्कर्ष पक्का निघाला, ताई. इतरत्र तंत्र चुकलं म्हणता येतं. तुमच्याकडे तेही म्हणता येत नाही. धोटेवाल्यांच्या छातीवर हे औषध चालतच नाही."

आता मागांच्या सगळ्या गावांतून ते काढून घेणार होते. तिथं या औषधाच्या यादीत चार हजार नावं वाट बघत होती. तेवढं उद्या अकरा जणांनी येऊन अंगठा द्यायचा, की नोंदलेले श्वास आमचेच. मग फाईल बंद.

घरी येऊन तिनं अण्णांना सगळं सांगितलं. खरं बोललं तर औषध मिळवून देणारी अकराही कार्डं रद्द होणार, तिची नोकरी जाणार. अण्णांनी दम गोळा केला.

"माझं निम्मं औषध तू खाल्लंस," ते म्हणाले. "आता गावाचं बी खाणार व्हय?"

तिला वाटलं, हुंदका येईल. आला तो लांब, सावकाश, अगदी बिनचूक श्वास. तिला स्वतःचीच किळस आली.

"रडू नगं. सकाळी रिक्षा बोलाव," अण्णा म्हणाले. "आणि चंपाक्काला सांग, समद्यांनी यायचं."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी काचेची पाटी अण्णांसमोर धरली. वर 'नोंदलेले श्वास माझेच' असा मजकूर, खाली एकच चौकोन: 'मान्य आहे'. अण्णांनी अंगठा पुढं केला आणि तसाच हवेत ठेवला.

"ह्यात न्हाई म्हणायला जागा कुठाय?"

डॉक्टरांनी पाटी स्वतःकडे वळवली. बोटानं वर सरकवली, खाली सरकवली. तशी जागा कुणी ठेवलीच नव्हती. त्यांनी मान वर केली. बाकावर बाकीचे दहा म्हातारे माना खाली घालून बसले होते. नुसती छातीची घरघर ऐकू येत होती, दहांची दहा तऱ्हांची.

"नाही म्हणजे?" त्यांनी हळूच विचारलं. आणि मग, अण्णांकडे नाही, लीलाकडे बघत, "मग ताई, हे सहा महिने श्वास घेत कोण होतं?"