ओट्यावरचा जास्तीचा लेप

"काळं बूटपॉलिश द्या. मोठी डबी."

हार्डवेअरच्या दुकानात तिने हे इतक्या हळू आवाजात मागितलं, की दुकानदाराने पुन्हा विचारलं. शेजारी घासायचे गोल पॅड बोटांनी चाचपून बघणारा तरुण मात्र लगेच वळला. त्याने तिच्या पायांतल्या कापडी चपलांकडे पाहिलं.

"ओट्यासाठी ना?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"मला काही नाही. ग्रॅनाइट पॉलिश करणं माझा धंदाच आहे. लोक आधी बूटपॉलिश लावतात, मग मला बोलावतात. तुम्ही आधीच बोलावलंत तर माझे कष्ट वाचतील."

ती हसणार नव्हती. हसली.

खरी अडचण ही, की ओटा तिचा नव्हता. ताई आणि भावजी परगावी गेले होते, घर तिच्यावर सोपवून. ताईने हौसेने निवडलेला काळाभोर ग्रॅनाइट आणखी चमकावा म्हणून तिने त्यावर बाथरूमचं ॲसिड ओतलं होतं. सिंकजवळ एखाद्या देशाच्या आकाराचा राखाडी डाग उमटला. ती शाळेच्या पुस्तकांसाठी नकाशे काढायची, पण हा देश कुठला ते तिलाही ओळखू येईना. आणि ताई रविवारी परतणार होती.

दुसऱ्या दिवशी तो आला, ओट्यावर वाकला आणि डागावर पाण्याचा थेंब टाकला. थेंब टपोरा तसाच बसून राहिला.

"तेल कोणी चोळलं?"

"तेल?... ताईने असेल."

"ताई बरेच दिवस इथे नाहीत म्हणालात."

"हो."

"मग त्यांचं तेल अजून इतकं ताजं कसं?"

ती खिडकीबाहेर बघू लागली. डाग झाकायला तेल तिनेच चोळलं होतं.

"तेल प्यालेला दगड रंग धरत नाही," तो म्हणाला. "आधी ते ओढून काढायचं. थेंब टाकल्या टाकल्या आत मुरला, की समजायचं तेल गेलं." त्याने पांढऱ्या मातीचा लेप थापला, त्यावर प्लास्टिक चिकटवलं. "उद्या येतो."

तो रोज येऊ लागला. वाळलेला लेप खरवडायचा, नवा थापायचा. हात कामात, तोंड गप्पांत.

"नकाशेबाई, तुमच्या गालावर पेन्सिल लागलीय."

"कुठे?"

"इथे—" त्याने स्वतःच्या गालावर बोट ठेवलं. लेपाचा पांढरा ठिपका तिथे तसाच राहिला. तिने ते त्याला सांगितलं नाही. तो तसाच जिना उतरून गेला, आणि ती दिवसभर उगाचच हसत राहिली.

पण दुसऱ्या दिवशी त्याने मान वर केली नाही. त्याच्या पुढच्या दिवशी जाताना तो दारात रेंगाळला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि म्हणाला, "प्लास्टिक काढू नका." एवढंच! हा माणूस आहे तरी कसा? आणि आपण त्याच्या पावलांचा आवाज का ओळखायला लागलोय?

समोरच्या काकूंना असला गोंधळ नव्हता.

"काय गं, ओटा आहे की राजवाडा? रोज येतोय तो! बनवतोय तुला. दुसरा माणूस बघ."

शुक्रवारी तो यायच्या आधी तिने लेप खरवडला, ओटा पुसून कोरडा केला आणि स्वतःच थेंब टाकला. थेंब लगेच मुरला. दुसरीकडे टाकला, तोही मुरला.

थोड्या वेळाने तो आला. वाकून पाहिल्यासारखं केलं.

"अजून एक लेप लागेल."

म्हणजे काकूंचं बरोबर होतं. किंवा मग... दुसऱ्या शक्यतेने तिचे कान तापले.

"थेंब टाकून बघा ना."

"गरज नाही."

"मी टाकला. मुरला."

माती कालवणारा त्याचा हात बादलीतच थांबला.

"परवाच मुरायला लागला होता," तो बादलीकडे बघत म्हणाला.

"मग परवापासून हे काय चाललंय?"

"मलाच नीट कळलेलं नाही. रंग चढवला की काम संपलं. काम संपलं की या दारात मी कोण? रोज ठरवून यायचो, की आज तुमच्याशी बोलायचं... आणि आलो की माती कालवायला घ्यायचो."

"आणि रविवारी ताईने हा ओटा असाच पाहिला असता तर? बोलणी मी खाल्ली असती! त्याचा विचार केलात?"

"नाही केला," तो म्हणाला. "करायला हवा होता."

ती भांडणाच्या पूर्ण तयारीत होती. आता भांडायचं कशावर?

"मला तुमचा राग आलाय."

"दिसतंय."

"नुसता रागच नाही. बाकीचं काय आहे ते... माझं मलाच समजत नाहीये. तुम्ही आधी ओटा करा."

मग मशीन घरघरलं. खरखरीत पॅड, मग मऊ, मग त्याहून मऊ. राखाडी पाणी सिंकमध्ये वाहत राहिलं. ओटा पूर्ण वाळवून त्याने फडक्याने काळा रंग चढवला, मुरू दिला, पुसला, पुन्हा चढवला. डाग कडेकडेने आकसत गेला आणि तो अनोळखी देश नाहीसा झाला. ओट्यात खिडकी दिसू लागली. डाग कुठे होता ते शोधायला दोघं एकदमच वाकली, आणि तिथे एकमेकांचे चेहरे दिसल्यावर एकदमच सरळ झाली.

त्याने हत्यारं आवरली. दारात म्हणाला, "आता मला यायला काही कारण नाही."

"नाहीच." मग ती घाईघाईने म्हणाली, "उद्या संध्याकाळी मी मोकळी आहे. इथे नाही, कोपऱ्यावरच्या बागेत."

"काय काम आहे?"

"काहीच नाही. हातात काम नसलं की तुम्ही कसे बोलता, ते बघायचंय."

"आणि बोलताच आलं नाही तर?"

"तर माझं ऐका. मलाही धड येईल असं वाटत नाही."

तो दोन पायऱ्या उतरला आणि थांबला.

"किती वाजता?"

वेळ तिने ठरवलीच नव्हती.

"लवकर," ती म्हणाली.