जिथे उभी आहेस, तिथेच

"गेले! दोनशे चौदा फोटो गेले!"

शाळेच्या कॉम्प्युटर रूममध्ये मी एवढ्या जोरात ओरडले, की पलीकडच्या खुर्चीवरचा मुलगा दचकून उठलाच. ब तुकडीतला वाळवी! साबणाच्या वेष्टनावरचा मजकूरसुद्धा वाचून काढतो, म्हणून हे नाव. आणि मी? शाळेच्या वार्षिक अंकाची संपादक.

"काय केलंस?"

"काही नाही रे! जुन्या कॉम्प्युटरवर टार नावाच्या कमांडने सगळ्या फोटोंचं एकच गाठोडं बांधलं, इथे आणून सोडलं. आता फोटोंचं फोल्डर बघते, तर रिकामं!"

तो स्क्रीनकडे वाकला. त्याच्या बाहीला पेन्सिलीच्या भुशाचा वास येत होता… मी उगाच कीबोर्डकडे बघत बसले.

"ही सूचना वाचलीस?"

"सूचना कोण वाचतं?"

"मी." तो हसला. "टार म्हणतोय, फाइलींच्या पत्त्याच्या सुरुवातीची तिरकी रेघ मी काढून टाकली. ती नसली, की फाइली मूळ जागी जात नाहीत. तू ज्या फोल्डरमध्ये उभी आहेस, तिथेच उतरतात. तू शोधतेयस भलतीकडे!"

आणि खरंच, सगळे फोटो माझ्या पायाशीच होते. पहिलाच फोटो माझा, धावण्याच्या शर्यतीतला, तोंड वेडंवाकडं.

"हा अंकात हवाच," तो म्हणाला.

"छाप तर खरं, मग बघते तुला!"

त्यानंतर रोज मला काहीतरी अडू लागलं. कधी गाठोडं बांधलं जाईना, कधी सुटेना. (दोनदा मी मुद्दाम चुकवलं. सांगू नका कुणाला.) तो यायचा, खुर्ची ओढायचा, "आधी आतली यादी बघावी, मग सोडावं," म्हणायचा… आणि मी यादी सोडून त्याची बोटं बघायची.

गुरुवारी तो स्क्रीनकडे बघतच म्हणाला, "उद्या आम्ही जातोय. आईची बदली झालीय."

"लांब?"

"खूप."

सगळं वाचतोस, मग माझ्या तोंडावरचं का नाही वाचत रे? — एवढं ओठांपर्यंत आलं. बाहेर पडलं ते फक्त, "बरं."

सोमवारी त्याची खुर्ची टेबलाखाली नीट सरकवलेली. माझ्या कॉम्प्युटरवर मात्र एक नवं गाठोडं होतं. आधी यादी बघितली: एकच फाइल. सोडलं. अंकाच्या फोल्डरमध्ये शोधलं… रिकामं. आणि मग मी एकटीच हसले. वेडे, तू कुठे उभी आहेस?

चिठ्ठी तिथेच होती.

'दोन चुका मुद्दामच्या होत्या, हे तेव्हाच वाचलं होतं. बोललो नाही. बोललो असतो, तर तू चुकायची थांबली असतीस, आणि मला यायला निमित्त उरलं नसतं. तू मला आवडतेस. खाली नवा पत्ता आहे. यातलं काही काढून टाकू नकोस.'

सूचना कधीच न वाचणाऱ्या मी ती चिठ्ठी अकरा वेळा वाचली.

मग उत्तराचं गाठोडं बांधायला घेतलं — या वेळी एकही चूक न करता.