आधी घरच्यांची खुशाली

झेरॉक्सच्या दुकानात भामाच्या व्हिसाच्या कागदांवर ‘बामाको’ हे नाव दिसलं, तसा मागे उभा असलेला माणूस म्हणाला, “इ नि सोगोमा.”

“काय?” भामा खेकसली. यंत्रात कागद तिसऱ्यांदा अडकला होता, आणि चिडली की तिच्या तोंडून गावची तमिळ नाही, घरची मराठीच निघे.

“सकाळचा नमस्कार. बंबारा भाषेतला,” तो मराठीतच म्हणाला. “बायकांनी उत्तरात ‘न्से’ म्हणायचं. मी सेतुमाधव. तीन वर्षं त्याच देशात, मालीत होतो, सोलर पंपांच्या कामावर.”

भामा त्याच कामावर दोन वर्षांसाठी निघाली होती. हातात वीस दिवस होते.

“मला दहा वाक्यं शिकवा,” ती म्हणाली. “कामापुरती.”

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सातला, जुन्या बसस्टँडजवळच्या फिल्टर कापीच्या दुकानात शिकवणी सुरू झाली. कापीआधी भामाचं डोकं तापे.

“पंपाची चावी कुठे आहे, हे कसं विचारायचं?”

“आधी रात्र सुखात गेली का, ते विचारा. हेरे सिरा वा?”

“हेरे सिरा वा. चावी?”

“वडील कसे आहेत?... आई?... भाऊ?”

“अय्यो! भाऊ कोइंबतूरला मजेत आहे. चावी!”

“पुन्हा पहिल्यापासून,” सेतुमाधव म्हणाला आणि शांतपणे पेल्यातली कापी पसरट डबऱ्यात ओतत राहिला. “पहिल्या आठवड्यात मीही चावीच मागितली होती. म्हाताऱ्या रखवालदारानं दुपारपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही. आणि उत्तर एकच द्यायचं, हेरे दोरोन. सगळं सुखरूप. घरात ताप असो, भांडण असो... दुखणं नंतर.”

पंधरा दिवसांत त्यानं तिच्या घरातल्या सगळ्यांची चौकशी केली, मांजरासकट. फक्त तिच्याकडे बघायची वेळ आली, की तो डबऱ्यात बघे. मनगटाला मनगट लागलं, की दोघंही एकदम साखर मागत. यापुढे मात्र गाडी हलेना.

भामानं शेवटी मुद्दाम विचारलं, “तिथे मुलीला मागणी घालायला किती दिवस लागतात हो?”

त्याचे कान लाल झाले. “सुपारीसारख्या चघळायच्या कोलाच्या दहा बिया मुलीच्या घरी देतात. परत आल्या नाहीत, तर होकार.”

“आणि मुलगा? तो तोंड उघडतच नाही?”

“तो...” सेतुमाधव घुटमळला. “मांजर कसं आहे तुमचं?”

भामा अर्धी कापी टाकून उठली.

विसाव्या दिवशी ती दुपारच्या चेन्नईच्या गाडीत चढली, तरी त्याचा पत्ता नव्हता. मग तो धापा टाकत आला... आणि थेट फलाटावर तिच्या वडिलांसमोर, अप्पांसमोर उभा राहिला. त्यांची तब्येत विचारली. आईचे गुडघे विचारले. पापनाशमच्या मावशीचं शेत विचारलं. अप्पा खूश होऊन सविस्तर सांगू लागले. सिग्नल हिरवा झाला.

“सेतुमाधव!” ती दारातून ओरडली. “गाडी सुटते आहे! कामाचं बोला!”

तो वळला. आज पहिल्यांदा त्यानं नजर चुकवली नाही. “हेरे सिरा वा, भामा?”

उत्तर तिला पाठ होतं, हेरे दोरोन.

“नाही,” ती म्हणाली. “रात्रभर डोळ्याला डोळा नाही.”

“मलाही... नाही,” तो हळूच म्हणाला आणि खिशातून कागदाची पुडी काढून अप्पांच्या हातात ठेवली. अप्पांनी ती उघडली. विड्याची पानं, वर सुपाऱ्या.

“तांबूल? हे कोणासाठी, बाबा?”

“इथे कोला मिळाल्या नाहीत,” सेतुमाधव पुटपुटला.

भामानं दारातूनच मोजल्या. बरोबर दहा. गाडीला हिसका बसला.

“वीस दिवस!” ती संतापानं किंचाळली, आणि डोळे मात्र भरून आले. “वीस दिवस मांजर विचारत बसलात तुम्ही!”

तो गाडीबरोबर चालू लागला. अप्पा गोंधळून पुडी त्याच्यापुढे धरत मागून येऊ लागले.

“अप्पा!” भामा दांडीला धरून बाहेर वाकली. “परत देऊ नका त्या!”